बारदान्याचा माळा

दारव्ह्याला स्टेशनच्या अंगाला कारखान्यांसाठी भाडेपट्ट्यानं दिलेल्या जागा होत्या. त्यातल्या चौथ्या जागेवर सदाशिवरावांची दालमिल होती. मिलच्या दाराची बिजागरी निखळली म्हणून कय्युम मिस्त्रीला बोलावणं आलं. साल पासष्ट. फेब्रुवारी सरत आला होता आणि तुरीचा हंगाम भरात होता. कय्युम हत्यारांची पिशवी घेऊन आला, दार खांद्यानं उचलून धरलं आणि पहिला स्क्रू फिरवायला लागला.

इंजन सुरू होतं, चक्की फिरत होती, पट्टा फटफटत होता, तरीही त्याला तो आवाज ऐकू आला. करकर नव्हती ती. करकर कोणत्याही लाकडाची होते, नवं दार तर पावसाळाभर करकरतं. हा आवाज आखूड होता, कोणी तोंड मिटून खोकावं तसा.

त्यानं वर पाहिलं. मागच्या दिवाळीत त्यानंच बांधलेला माळा होता तो, शेडच्या मागच्या भागात, तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद. तिथं रिकाम्या पोत्यांचा बारदाना असायला पाहिजे होता. पण फळ्यांच्या फटींतून भरलेल्या पोत्यांची पोटं दिसत होती, एकाला एक चिकटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि माळ्याच्या खाली, खिडकीचा उजेड तिथंच पडतो म्हणून, बारा बाया सुपं घेऊन दोन ओळींत दाळ निवडत बसल्या होत्या. पहिल्या ओळीत तिसरी त्याची बायको गौहर होती.

कय्युमनं स्क्रू फिरवायचं सोडून दिलं. 

माळ्याची गोष्ट अशी झाली होती. सदाशिवराव घरचे शेतकरी, तूर आणि कापूस पिकवणारे. आपलीच तूर दुसऱ्याच्या मिलमध्ये कशाला न्यायची, म्हणून त्यांनी ही जागा तीस वर्षांच्या पट्ट्यानं घेतली. जागा साठ फूट रुंद, दीडशे फूट लांब. पट्ट्यातली अट अशी, की तिसऱ्या हिश्श्यावरच बांधायचं आणि दोन हिस्से मोकळे ठेवायचे. आग लागली तर बंब फिरला पाहिजे, गाड्या वळल्या पाहिजेत. वर मजला चढवला तर तोही मोजणीत धरायचा. सदाशिवरावांचं शेड साठ बाय पन्नास. म्हणजे तिसरा हिस्सा शेवटच्या फुटापर्यंत बांधून झालेला. मिल चालली, माल वाढला, जागा अपुरी पडायला लागली, तेव्हा त्यांनी कय्युमला बोलावून सांगितलं होतं, "मिस्त्री, मजला नाई करायचा. माळा करायचा. जिना नको. शिडी लावायची, शिडी काढायची. शिडी काढली की ते बांधकाम नाई, नुसती फळी हाय."

"वर काय ठेवता भाऊ?" कय्युमनं विचारलं होतं.

"बारदाना. रिकामी पोती. दुसरं काय?"

कापसाचं एक जुनं जिनिंग पाडलं जात होतं, तिथून सदाशिवरावांनी सागाच्या तीन तुळया आणल्या. दोन चांगल्या होत्या. तिसरीच्या पोटात जुनी खाच होती, कधीकाळी तिथं दुसरं लाकूड बसवलेलं असावं. कय्युमनं प्रत्येक तुळईच्या मध्यावर एकेक खांब द्यायचं ठरवलं होतं. पण खाचेची तुळई बरोबर मधे आली आणि तिच्याच खालून इंजनाचा पट्टा चक्कीकडं जात होता. खांब दिला तर पट्टा घासला असता. सदाशिवराव म्हणाले, राहू दे. कय्युमनं दोन दिवस विचार केला आणि मनाशी म्हटलं, बारदान्यापुरतं चालून जाईन. खांब दिला नाही.

आता तेच वाक्य त्याच्या कानात वाजत होतं. दार तसंच अर्धवट लटकतं ठेवून तो सदाशिवरावांच्या खोलीत गेला.

"भाऊ, वर पोती कोणी चढवली?"

"कोणी म्हणजे? मीच. तूर आली एकदम, उघड्यावर ठेवू काय? परवाच आभाळ आलतं."

"माळा बारदान्यासाठी हाय."

"अरे बाप्पा, सागाच्या तुळया हायेत. जिनिंगमधी चाळीस वर्सं छप्पर तोललं त्यायनं."

"छप्पर तोललं, पोती नाई. किती हायेत?"

"सत्तर असतीन. पाच-दहा इकडं तिकडं."

सत्तर पोती म्हणजे सत्तर क्विंटल. 

सदाशिवराव वाईट माणूस नव्हते. गौहरला बाळंतपणानंतर ताप चढला तेव्हा त्यांनीच आपली बैलगाडी दिली होती. ते हसले आणि म्हणाले, "होळी झाली की उतरवतो. तुह्या हातचं काम हाय, मिस्त्री. आपल्याच हातच्या कामाले भेत काय कोणी?"

 कय्युमला भीती त्याचीच तर होती. दुसऱ्या कोणी बांधलं असतं तर इतकी भीती वाटली नसती. आत काय आहे ते माहीत नसतं.

दुपारी बाया भाकरी खायला बाहेर गेल्या तेव्हा तो शिडी लावून चढला. मधल्या तुळईच्या दोन्ही टोकांना खिळे मारून त्यानं सुतळी ताणून बांधली. तुळई सरळ असती तर मध्यावर सुतळी तिच्या बुडाला टेकली पाहिजे होती. तुळई सुतळीच्या खाली एक अंगठा उतरली होती. त्यानं पेन्सिलीनं खूण केली. तिसऱ्या दिवशी दाराला रंधा मारायच्या निमित्तानं तो पुन्हा गेला. आता दोन अंगठे. पाचव्या दिवशी अडीच. आणि खाचेच्या कोपऱ्यातून एक चीर निघाली होती. त्यानं तिच्यात आरीचं पातं घातलं. पातं सहज आत गेलं.

त्याच दिवशी त्यानं घरून बाभळीचा टेकू आणून तुळईखाली ठोकून बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं तर टेकू भिंतीशी आडवा पडलेला. बायांची मुकादमीण हंसाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पट्टा घासत होता म्हनून भाऊनं काढाले लावला."

त्या दिवशी जेवताना त्यानं गौहरला विचारलं, "वरून काही पडते काय गं?"

"भुसा पडते. रोज सुपात पडते. आमी म्हनतो घुण लागला असन. फुकून टाकतो अन् निवडतो."

कय्युमनं घास ताटात ठेवला. मग त्यानं तिला सगळं सांगितलं, सुतळीचं, चिरेचं, न दिलेल्या खांबाचं. गौहर ऐकत राहिली. ती मुळातच कमी बोलायची.

"उद्यापासून तू जाऊ नको," तो म्हणाला.

"मी नाई गेली तं माह्या जागेवर भुरीबाई सरकन. जागा रिकामी थोडीच राह्यते?"

"मंग सगळ्यायले सांग."

"सांगतो. पण मंग तुमी बांधलं, तुमी खांब नाई देला, हे बी सांगा लागन."

 तो ताट बाजूला सारून म्हणाला, "सांग."

तिनं सांगितलं. बाया घाबरल्या. हंसाबाई त्यांच्या वतीनं सदाशिवरावांकडं गेली. ते म्हणाले, ज्याले भेव वाटते त्यानं घरी राहावं, हंगामात हात मिळतातच. बाया परत येऊन बसल्या. फक्त आता कोणी गाणं म्हणत नव्हतं, आणि भुसा पडला की सगळ्या एकदम मान वर करत. हे गौहरनं घरी सांगितलं तेव्हा कय्युमला वाटलं, न सांगितलं असतं तरच बरं झालं असतं. आधी निदान त्या निवांत बसायच्या.

कचेरीच्या ओट्यावर हाफिज नावाचा अर्जनवीस टिनाची पेटी मांडून बसायचा. कय्युम त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "लिहा, सदाशिवरावांच्या मिलमधला माळा पडणार हाय."

हाफिजनं टाक दौतीत बुडवला नाही. "पडणार हाय यावर कोण येईन? कागदावर दिसन असं काही सांग. अट मोडली काय एखादी?"

कय्युमला मग तिसऱ्या हिश्श्याची अट आठवली. त्यानं फुटांत हिशेब सांगितला. शेडनंच तिसरा हिस्सा भरला आहे, माळा सहाशे चौरस फूट जास्तीचा आहे. हाफिजचे डोळे चष्म्यामागं बारीक झाले. "हे लिहितो. मोजणीचं लिहिलं की मोजाले माणूस याच लागते. निनावी देऊ?"

"निनावीवर येतीन?"

"आले तं आले. नाव असलं की पोच मिळते, आठ दिवसांत यावं लागते."

कय्युमनं मान खाली घातली. दारव्ह्यात सुताराची तीनच दुकानं होती. मालकाविरुद्ध कागद करणाऱ्या मिस्त्रीला उद्या कोण दार बसवायला बोलावणार होतं? सदाशिवरावांच्या ओळखी महागावपर्यंत होत्या.

"नाव टाका," तो म्हणाला. "अन् हे बी टाका, की माळा मीच बांधला."

"अर्जात कोणी आपलाच गुन्हा लिहिते काय?"

"लिहा. नाईतं म्हनतीन, याले कसं माहीत."

खाली त्यानं उर्दूत सही केली. घाईत नावातल्या पहिल्या अक्षरावरचे दोन ठिपके एकात एक मिसळून गेले.

नंतरचे दिवस कसे गेले ते त्यालाच माहीत. एक भीती अशी, की मोजणीवाला येईल आणि सगळ्या गावाला कळेल. दुसरी अशी, की तो येणारच नाही. दुकानात बसवेना, म्हणून मिलसमोरच्या लाकडाच्या वखारीत त्यानं मागून काम घेतलं. तिथून मिल दिसत होती. स्टेशनवर डबे एकमेकांना धडकले की त्याचा रंधा थांबायचा. ट्रकचा फाळका खाली आदळला की तो रस्त्यापर्यंत धावत जायचा आणि मग उगाच इकडं तिकडं पाहून परत यायचा. इंजन बंद पडलं की त्याला बरं वाटायचं, सुरू झालं की तो पुन्हा मिलकडं पाहत बसायचा. इंजनाच्या हादऱ्यानं तुळई रोज थोडी थोडी उतरत होती हे तो वखारीत बसूनसुद्धा सांगू शकला असता. जुम्म्याच्या नमाजला ओळीत उभा राहून त्यानं छताच्या वाशांकडं पाहिलं, आणि पुढं काय म्हणायचं ते विसरला.

सहाव्या दिवशी ओव्हरसीयर सायकलवर आला. उन्हानं काळवंडलेला, शांत माणूस. पिशवीत टेप आणि कागद. कय्युम वखारीतून उठून त्याच्या मागोमाग मिलमध्ये गेला. ओव्हरसीयरनं आधी शेड बाहेरून मोजलं. साठ, पन्नास. कागदावर लिहिलं. मग आत येऊन माळ्याकडं पाहिलं.

"वर जायला कुठून आहे?"

"वर कोणी जात नाई," सदाशिवराव म्हणाले. "फळ्या हायेत नुसत्या."

"शिडी?"

सदाशिवराव गप्प. हमाल उत्तमसिंग दाराशी उभा होता, तोही गप्प. बायांची सुपं थांबली.  कय्युम म्हणाला, "पाण्याच्या टाक्यामागं हाय, साहेब. मी आणतो."

शिडी लावून ओव्हरसीयर चढला. वरून त्याचा टेप खाली लोंबला आणि मागं गेला. उतरला तेव्हा त्याच्या गुडघ्यांना तुरीची टरफलं चिकटली होती.

"सहाशे फूट जास्त आहे. शिडी असो, जिना असो, माल ठेवला म्हणजे मजलाच. पंधरा दिवसांत रिकामा करून काढायचा. नाही काढला तर पट्टा रद्द करायची नोटीस निघेल."

"पंधरा दिवस?" कय्युम म्हणाला. "साहेब, माळा पंधरा दिवस नाई राहणार. चीर पाहा."

ओव्हरसीयरनं चीर पाहिली. बोटानं चाचपूनही पाहिली. त्याचा चेहरा जरा पडला. "मी क्षेत्रफळ मोजायला आलोय, मिस्त्री. लाकूड किती वजन तोलतं हा रकाना माझ्या कागदात नाही. मुदत कमी करायचा मला अधिकार नाही. तोंडी सांगतो, सदाशिवराव, लवकर उतरवा."

सदाशिवराव कय्युमकडं पाहत होते. "अर्ज कोणाचा हाय?" त्यांनी विचारलं. विचारलं ओव्हरसीयरला, पण नजर हलली नाही.

"माहा," कय्युम म्हणाला.

"माह्या गेटच्या आत पाय ठेवू नको आजपासून."

कय्युम निघाला.  मागून हंसाबाईचा आवाज आला. ती सूप कमरेला लावून उभी राहिली होती. "साहेब, ते मोकळे दोन हिस्से म्हनता, तिथं बसाले मनाई हाय काय?"

"बसायला कसली मनाई?" ओव्हरसीयर म्हणाला. "बांधायला आहे."

दुसऱ्या दिवशी बाया आल्या त्या आत गेल्याच नाहीत. दाळ वाळवायच्या अंगणाच्या कडेला, उन्हात, डोक्यावर पदर घेऊन, दोन ओळी करून बसल्या. सदाशिवराव ओरडले, दाळीत धूळ जाईन. हंसाबाई म्हणाली, भुश्यापरीस धूळ बरी. त्यांनी दुसऱ्या बाया शोधल्या. पण माळ्याची गोष्ट तोवर गावभर झाली होती, कोणी आलं नाही. गौहर घरी आली तेव्हा तिचं नाक उन्हानं लाल झालं होतं. त्या दिवशी कय्युम कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

तीन दिवस सदाशिवरावांनी रागात काहीच केलं नाही. चौथ्या दिवशी उत्तमसिंग आणि आणखी एका हमालाला माळ्यावर चढवलं. नोटिशीच्या भीतीनं असेल, का चीर त्यांनाही दिसायला लागली होती म्हणून, कोण जाणे. कय्युम रस्त्यावरून पाहत होता. शिडी माळ्याच्या पुढच्या काठाला, बरोबर मधल्या तुळईच्या रेघेत लावलेली. हमाल मागची पोती ओढत पुढं आणत होते आणि तिथून खाली सोडत होते. म्हणजे उतरायच्या आधी सगळं वजन मधल्या तुळईवर जमत होतं.

तो गेटला धरून उभा राहिला. आत जायची मनाई होती. "मधली आधी उतरवा," तो ओरडला. "मधली आधी, उत्तमसिंग. मागची ओढू नका."

सदाशिवरावांनी इंजनाजवळून हात झटकला आणि हमालांना सांगितलं, "घ्या रे, लवकर घ्या."

मग एक आवाज झाला. फार मोठा नाही, उसाचं कांडं मोडल्यासारखा. त्याच्यामागून मोठा आवाज आला. शेडच्या दारातून टरफलांचा पिवळा लोट बाहेर पडला आणि इंजन दोनदा आचके देऊन बंद पडलं. त्यानंतर इतकी शांतता झाली, की बायांच्या सुपांतून सांडणाऱ्या दाळीचा आवाज ऐकू आला.

कय्युमनं सगळ्यात आधी अंगणातल्या बाया मोजल्या. बारा. मग आतून उत्तमसिंगचं कण्हणं ऐकू आलं.

तो दारापर्यंत धावला आणि दारात थबकला. धूळ बसत होती. मधली तुळई खाचेतून दोन तुकडे होऊन खाली आली होती. दुसरा हमाल उडी मारून बाजूला झाला होता, त्याला खरचटलंही नव्हतं. उत्तमसिंग फळ्यांखाली कमरेपर्यंत अडकला होता. आणि त्याच्या वर, बाजूची तुळई अजून तग धरून होती. तिच्यावर पंधरा-वीस पोती फळ्यांवरून कलंडून रेलली होती. कय्युमची नजर आपोआप तिच्या टोकाकडं गेली. भिंतीत ती चार बोटं बसवली होती, ते त्याला माहीत होतं. आता दोन बोटं उरली होती.

दुसरा कोणी असता तर त्याला नुसता ढिगारा दिसला असता. कय्युमला सगळं दिसत होतं, कशावर काय टेकलंय, काय हललं की काय येईल.  पाय उचलेना. मनात आलं, मी आत गेलो तर मी मरीन. दुसरं काहीच मनात येईना.

उत्तमसिंगनं त्याच्याकडं पाहिलं. हाक मारली नाही. नुसतं पाहिलं.

कय्युम मागं वळला, गेटला लावायचा सागाचा अडसर उचलला आणि आत शिरला. सदाशिवराव इंजनाजवळ उभे होते, तोंड उघडं, अंगावर पिवळी धूळ.

"भाऊ, इकडं या. हे धरा."

"मी?"

"दुसरं कोणी नाई. वर पाहू नका. माह्याकडं बी पाहू नका. छातीशी धरा अन् सोडू नका."

त्यानं अडसर तिरपा करून तुळईच्या टोकाखाली दाबला. सदाशिवरावांनी तो दोन्ही हातांनी छातीशी कवटाळला.  कय्युमनं तुटलेल्या तुळईचा तुकडा फळ्यांखाली पहारीसारखा घातला आणि खांदा लावला. फळ्या वीतभर उचलल्या गेल्या. पण आता उत्तमसिंगला ओढणार कोण? कय्युमचे हात तर अडकलेले.

तेव्हा त्याच्या शेजारून कोणीतरी वाकून पुढं गेलं. गौहर होती. तिच्यामागं हंसाबाई.

"तू बाहेर जा," तो कसाबसा म्हणाला.  जिथं ती महिनाभर बसायची, बरोबर त्याच जागी ती आता गुडघे टेकून बसली होती आणि वर दोन बोटांवर तुळई होती.

"ओढू का नाई ते सांगा," गौहर म्हणाली.

"ओढ."

दोघींनी उत्तमसिंगला बगलेत धरून ओढला. तो एकदा ओरडला. मग मोकळा झाला. त्याला ओढत त्या दारापर्यंत गेल्या, दाराबाहेर गेल्या. कय्युमनं खांदा काढला. फळ्या बसल्या. वर काहीतरी सरकलं, मूठभर तूर सदाशिवरावांच्या डोक्यावर पडली. "आता सोडा, भाऊ. हळू. मागं मागं या." दोघं एकमेकांच्या कोपराला धरून बाहेर आले आणि अंगणात मातीतच बसले. तुळई पडली नाही. संध्याकाळी दोर लावून दहा माणसांनी ती ओढून पाडली.

उत्तमसिंगला कापसाच्या ट्रकमधून यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण वाकडा जुळला.

पंचनाम्याच्या वेळी कय्युमला वाटत होतं, आता आपल्याला इथूनच नेतील. फौजदारानं विचारलं, माळा कोणी बांधला? सदाशिवराव म्हणाले, कय्युम मिस्त्रीनं. एवढंच म्हणाले. कय्युमनं खाली पाहून कबूल केलं, मधल्या तुळईखाली खांब पाहिजे होता, मी दिला नाही, बारदान्यापुरतं चालून जाईन म्हटलं. ओव्हरसीयरनं पिशवीतून अर्ज काढून फौजदाराच्या हातात दिला आणि तारखेवर बोट ठेवलं. फौजदारानं अर्ज दोनदा वाचला. "माळ्यावर पोती कोणाच्या सांगण्यावरून चढली?" सदाशिवराव आपल्या तळहातांकडं पाहत होते. अडसराच्या कुसळांनी ते सोलून निघाले होते. मग म्हणाले, "माह्या."

चौकशी आठ महिने चालली. तेवढे दिवस पोलिसाची टोपी दिसली की कय्युम दुसऱ्या गल्लीनं जायचा. शेवटी त्याला समज देऊन सोडलं. सदाशिवरावांना दंड झाला. जागेचा पट्टा राहिला, माळा पुन्हा झाला नाही. जास्तीच्या तुरीसाठी त्यांनी गावात गोदाम घेतलं.

कय्युम दवाखान्यात भेटायला गेला होता तेव्हा उत्तमसिंग खाटेवर पाय टांगून पडला होता. म्हणाला, "तुमी गेटवरून म्हटलतं ना, मधली आधी. मले ऐकू आलतं."

"मंग?"

"भाऊनं म्हटलं लवकर घ्या. मी पुढं असलेली घेतली." त्यानं टांगलेल्या पायाकडं पाहिलं. "ऐकाले पायजे होतं."

 कय्युम आणलेले पेरू खाटेच्या पायथ्याशी ठेवून उठला.

वर्षभर त्याला छपराचं, माळ्याचं काम कोणी दिलं नाही. तिफणी, जू, खाटा, पाळणे, एवढंच. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. पुढच्या हंगामात बाया पुन्हा मिलच्या अंगणातच बसल्या. सदाशिवरावांनी चार बांबू रोवून वर तट्ट्या टाकून दिल्या होत्या. गौहरही जायला लागली. कय्युम रोज दुपारी काही ना काही काम काढून त्या रस्त्यानं जायचा, गेटशी थांबायचा आणि आत पाहून बाया मोजायचा. बारा झाल्या की पुढं निघायचा. सदाशिवराव कधी खोलीच्या दारात दिसले तर दोघंही मान हलवायचे. बोलणं व्हायचं नाही.

एक दिवस अकराच भरल्या. त्यानं पुन्हा मोजल्या. अकराच. गेटच्या लाकडाला त्याचे हात गच्च आवळले गेले. आत सगळं निवांत होतं, इंजन एका लयीत चालू होतं, बाया तट्ट्यांखाली गप्पा मारत होत्या, तरी तो तिथून हलू शकला नाही. मग टाक्यामागून भुरीबाई पाय धुऊन, लुगडं सावरत आली आणि आपल्या जागेवर बसली. गौहरनं सुपातून मान वर करून गेटकडं पाहिलं आणि हातानंच त्याला जा म्हणून खूण केली.